मदत हवी आहे: कादेन्झानंतर ऑर्केस्ट्रा एकीकडे, मी एकीकडे. १२ दिवस उरलेत

शततारका (सोमवार)

पटकन लिहिते, झोप येत नाहीये. विद्यापीठातली कॉन्चेर्टो (एक सोलो वादक आणि ऑर्केस्ट्रा यांच्यासाठीची रचना) स्पर्धा यंदा मी जिंकले, त्यामुळे १२ दिवसांनी ऑर्केस्ट्राबरोबर सोलो वाजवायचं आहे. आज पहिली रिहर्सल होती. सुरुवात छान झाली, मधला भाग ठीक गेला. कादेन्झा संपताना ऑर्केस्ट्रा परत आत येतो, तिथे मात्र सगळं विस्कटलं. तिन्ही वेळा. तिसऱ्या वेळी कंडक्टरने हात खाली घेतले आणि म्हणाले, तू पळते आहेस. माझ्या बाई म्हणतात, ऑर्केस्ट्राला ऐकत बसू नकोस. ऐकायचं नाही तर करायचं काय?

पियानोवर साथ करणाऱ्या मैत्रिणीबरोबर सहा महिन्यांत हे एकदाही झालं नाही. कुणी ऑर्केस्ट्राबरोबर वाजवलंय का? नेमकं सांगा. "अजून सराव कर" नको, रोज पाच तास चालूच आहे.

सुगरण_मावशी

अभिनंदन गं! वाद्य कोणतं तुझं? आणि ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी कादेन्झा म्हणजे काय तेही सांग.

षड्ज_पंचम

लय अंगात मुरलेली नाही, एवढंच कारण आहे. मी ३० वर्षं गातो. पियानोवाली मैत्रीण तुम्हाला सांभाळून घेत होती, तेच तुम्हाला लय वाटली. आठ दिवस वाद्य बाजूला ठेवा. सकाळी अर्धा तास हातावर ताल धरून तीच जागा नुसती गा. आधी विलंबित, मग दुप्पट. आणि मुख्य कलाकार तुम्ही आहात. साथीने तुमच्या मागे यायचं असतं, तुम्ही त्यांच्या मागे नाही.

मडगावकर

कोणाचा कॉन्चेर्टो, ते लिहिलंच नाहीस बाय! त्यावरच सगळं आहे. मोझार्ट असेल तर कादेन्झा मूव्हमेंटच्या, म्हणजे रचनेच्या त्या भागाच्या, शेवटी येते. शेवटी लांब ट्रिल (दोन शेजारच्या स्वरांची झपाट्याने अदलाबदल) असते, ती ऐकली की झोपलेला माणूससुद्धा उठून वाद्य उचलतो. तिथे कुणी चुकत नाही. मेंडेल्सन किंवा सिबेलियस असेल तर गोष्ट वेगळी. वाद्य कोणतं? पूर्ण कॉन्चेर्टो की एकच मूव्हमेंट? उभी कुठे होतीस? पुढची रिहर्सल कधी?

शततारका

सॉरी, घाईत राहिलंच. व्हायोलिन. मेंडेल्सन, ई मायनर, फक्त पहिली मूव्हमेंट. ऑर्केस्ट्रात सगळे विद्यार्थीच आहेत. पुढची रिहर्सल गुरुवारी, मग थेट ड्रेस रिहर्सल.

मावशी, कादेन्झा म्हणजे ऑर्केस्ट्रा थांबतो आणि सोलो वाजवणारा एकटाच वाजवतो तो भाग.

@षड्ज_पंचम, आठ दिवस वाद्य बाजूला ठेवणं मला शक्य नाही. बोटं जातील.

जुनी_पानं

मेंडेल्सन म्हटल्यावर राहवलं नाही. १८३८ साली त्याने आपल्या मित्राला, फर्डिनांड डेव्हिडला, पत्र लिहिलं होतं की ई मायनरमधला एक कॉन्चेर्टो डोक्यात घोळतोय आणि त्याची सुरुवात मला स्वस्थ बसू देत नाही. पुरा व्हायला १८४४ उजाडलं. वादनाच्या बारीकसारीक गोष्टी तो डेव्हिडलाच विचारत होता. पहिला कार्यक्रम १३ मार्च १८४५ रोजी लाइप्झिगला झाला. सोलो डेव्हिडचा. मेंडेल्सन आजारी होता म्हणून नील्स गाडेने कंडक्ट केलं.

तुझ्या अडचणीची जागा त्याने मुद्दाम तयार केलेली आहे. तोवर कादेन्झा मूव्हमेंटच्या शेवटाजवळ असायची आणि बहुतेक वेळा वाजवणाऱ्यावर सोपवलेली. याने ती स्वतः पूर्ण लिहून काढली आणि मूळ सुरावट परत येण्याच्या आधी, मध्येच आणून ठेवली.

षड्ज_पंचम

म्हणजे जी जागा कलाकाराने उपजेने भरायची, तीही लिहून दिली. मग कलाकाराचं काय उरलं? पाठांतरावर उभं राहिलेलं वादन दबावाखाली असंच कोसळतं.

जुनी_पानं

काका, असं नाही. बेटोफनने १८०९च्या पाचव्या पियानो कॉन्चेर्टोत स्पष्ट लिहून ठेवलं की इथे स्वतःची कादेन्झा वाजवू नका, पुढचं वाजवा. म्हणून तो कॉन्चेर्टो वाजवणारे सगळे सारखे वाटतात का? आपल्याकडेही बंदिश ठरलेलीच असते ना?

षड्ज_पंचम

बंदिश ठरलेली असते, बढत नसते. दोन्ही एका तागडीत घालू नका. मी पाश्चात्य संगीताला कमी लेखत नाही. लयीचा प्रश्न दोन्हीकडे एकच आहे, इतकंच म्हणतोय.

निशिगंध_९

माझ्या भाचीला स्टेजवर हात थरथरण्याचा त्रास होता. तिने प्रोप्रानोलोलची छोटी गोळी घेतली, छाती धडधडायची थांबली, लयही पळेना. बरेच वादक घेतात. विचार कर.

डॉ_गुलबक्षी

कृपा करून असं परस्पर सुचवू नका. दमा असणाऱ्याला ही गोळी घातक ठरू शकते, काहींची नाडी आणि रक्तदाब फार खाली जातो. घ्यायचीच असेल तर डॉक्टरांना भेटून, आणि पहिल्यांदा कार्यक्रमाच्या दिवशी तर मुळीच नाही. शिवाय तिने भीतीबद्दल विचारलेलंच नाहीये.

शततारका

गोळी नको. भीती वाटत नाहीये, राग येतोय. कादेन्झा एकटीची असते तोवर अगदी बरोबर जाते. प्लीज त्या जागेबद्दल सांगा.

ठाणे_पूर्व

धागा वाचून धीर आला म्हणून विचारते. माझा मुलगा सात वर्षांचा आहे. मुंबईत एनसीपीएच्या सभागृहात सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया ऐकून आल्यापासून व्हायोलिनचा हट्ट धरून बसलाय. ठाण्यात शिकवणारं कुणी आहे का? पूर्ण मापाचं घेऊ की लहान?

मडगावकर

@ठाणे_पूर्व, पूर्ण मापाचं मुळीच घेऊ नका. सात वर्षांच्या मुलाला बहुधा अर्धं किंवा पाव मापाचं लागतं. हाताची लांबी बघून शिक्षकच ठरवतात. विकत न घेता भाड्याने मिळालं तर उत्तम. बाकीसाठी वेगळा धागा काढा, मी तिथे लिहितो.

आता शततारका. मी सोलोइस्ट नाही. गोव्यात चर्चमध्ये शिकलो आणि पुढे लंडनच्या एका हौशी ऑर्केस्ट्रात बावीस वर्षं दुसऱ्या व्हायोलिनच्या तिसऱ्या स्टँडवर बसलो. हा कॉन्चेर्टो मागच्या खुर्चीवरून चार वेळा वाजवलाय. तिथून काय दिसतं ते सांगतो.

कादेन्झाच्या शेवटी तुझे आर्पेजिओ (एकेक सुटा स्वर घेत वरखाली जाणारे तुकडे) सुरू होतात. आधी साधे आठवे, मग त्रिपुटं, मग सोळावे, म्हणजे दर टप्प्याला स्वर आणखी भराभर, आणि बो (गज) चारी तारांवरून उड्या मारायला लागतो. तोवर तू राणी. मग फ्लूट, ओबो आणि पहिली व्हायोलिनं अगदी हलक्या आवाजात मूळ सुरावट उचलतात, आणि तुझे आर्पेजिओ चालूच राहतात. त्या क्षणी सोलो तुझा नसतो. सुरावट त्यांची, तू साथीला. षड्ज_पंचम यांच्या भाषेत सांगायचं तर तबला तुझ्याकडे आलेला असतो आणि तू अजून गाते आहेस. "साथीने मागे यायचं" हे कॉन्चेर्टोभर खरं, नेमकं या जागी खोटं. तबला पळाला तर गायकाने काय करायचं?

आणि हे काम तू त्याच मूव्हमेंटमध्ये आधी एकदा केलेलं आहेस. दुसरी सुरावट क्लॅरिनेट आणि फ्लूटकडे येते तेव्हा तू खाली मोकळ्या जी तारेवर एकच लांब स्वर धरून उभी असतेस. तिथे चुकत नाहीस, कारण तिथे पळायला काही नाही.

म्हणून विचारलं होतं, उभी कुठे होतीस आणि बघत कुठे होतीस?

षड्ज_पंचम

मडगावकर, हे मला माहीत नव्हतं. तबला तिच्याकडे असेल तर माझा पहिला सल्ला चुकीचा. मग तिने आपले आर्पेजिओ गाऊ नयेत, फ्लूटची सुरावट मनात गावी आणि हाताने ठेका चालू ठेवावा. तबलजी नगम्यावर (साथीला फिरत राहणाऱ्या ठरलेल्या सुरावटीवर) कान ठेवून वाजवतो तसं.

डेसिबल

मी साउंडचं काम करतो, संगीत वाचता येत नाही. एक हिशेब मांडतो. ध्वनी सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. फ्लूटवाले तुझ्यापासून दहा मीटर मागे बसले असतील तर त्यांचा आवाज तुझ्यापर्यंत यायला जवळपास ३० मिलिसेकंद लागतात, तुझा त्यांच्यापर्यंत जायला तेवढेच. वेग काय आहे तुझा?

शततारका

मिनिम १०४, म्हणजे मिनिटाला १०४ ठोके.

डेसिबल

आणि एका मिनिमात सोळावे आठ ना? म्हणजे मिनिटाला ८३२ स्वर, एका स्वराला ७२ मिलिसेकंद. तू त्यांना ऐकून आणि ते तुला ऐकून वाजवू लागले तर जाऊन-येऊन ६० मिलिसेकंद, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण स्वर. पियानो हाताच्या अंतरावर होता, म्हणून सहा महिन्यांत कळलं नाही. कंडक्टरची बॅटन (हातातली काठी) दिसायला मात्र वेळ लागत नाही. तुझ्या बाई म्हणतात ते यासाठीच असावं. पण नुसतं हेच कारण असतं तर तू मागे पडली असतीस. तू पळते आहेस, म्हणजे आणखी काहीतरी आहे.

शततारका

हे कुणीच सांगितलं नव्हतं!! थँक्यू.

@मडगावकर, कंडक्टरच्या डाव्या हाताला, प्रेक्षकांकडे सरळ तोंड करून. कादेन्झात डोळे मिटलेले असतात. आर्पेजिओ सुरू झाल्यावर नजर बोवर असते, कारण उड्या एकसारख्या पडताहेत की नाही याची धास्ती असते.

मडगावकर

सापडलं. दोन गोष्टी करून बघ.

सरळ उभी राहू नकोस. अंग डावीकडे, कंडक्टरच्या बाजूला वळव, इतकं की व्हायोलिनच्या स्क्रोलवरून (टोकाच्या वळणावरून) बॅटन दिसली पाहिजे. आवाज कमी होईल ही भीती नको. उलट तसं वळल्यावर वाद्याची छाती प्रेक्षकांकडे येते.

दुसरी गोष्ट बोची. उडी मारणाऱ्या बोला स्वतःचा वेग असतो. टोकाकडे गेलं की उड्या भराभर पडतात, मध्यापासून मुठीकडे आलं की सावकाश. बोचे केस जास्त ताणलेले असले तरी भराभर. रागात किंवा घाईत हात नकळत टोकाकडे सरकतो आणि बो स्वतःच तुला पळवतो. रिहर्सलच्या दिवशी केस ताणायचा स्क्रू नेहमीपेक्षा अर्धा फेरा जास्त फिरवला होतास का?

सोनटक्का

माझा प्रश्न वेगळाच. कार्यक्रमाला साडी नेसणार आहेस का? माझ्या बहिणीने हौसेने पैठणी नेसली आणि रेशमावरून शोल्डर रेस्ट (व्हायोलिनखालचा खांद्यावरचा आधार) सरकत राहिला, पदर हनुवटीखाली गोळा झाला. नेसायचीच तर डाव्या खांद्यावर शामवाचा (मऊ चामड्याचा) तुकडा आतून टाचून घे आणि पदर उजवीकडे.

सुगरण_मावशी

उजवीकडे घेतला तर बोच्या हातात येईल ना तो? त्यापेक्षा कमरेला घट्ट खोच. आणि कार्यक्रमाआधी दोन तास काहीतरी हलकं खा. दहीभात खाऊन झोप येईल, तो नको.

शततारका (शनिवार)

सांगायला आले.

बुधवारी रात्री फ्लूट वाजवणाऱ्या मित्राला रिकाम्या हॉलमध्ये घेऊन गेले. त्याला मागे, त्याच्या नेहमीच्या खुर्चीवर बसवलं, फोनवर मेट्रोनोम फक्त दिव्याचा, आवाज बंद. पहिल्यांदा ऐकत वाजवलं: डेसिबल म्हणाले तसं लगेच ओढल्यासारखं झालं आणि मी त्याला पुढे खेचायला गेले. पळणं इथून सुरू होतं! दुसऱ्यांदा फक्त दिव्याकडे बघितलं आणि मनात त्याची सुरावट गायले. षड्ज_पंचम काका, ते गाणं फार उपयोगी पडलं. बोवर खडूची बारीक खूण केली होती. मी खरंच दरवेळी खुणेपासून तीन बोटं टोकाकडे पोचत होते. आणि हो, रिहर्सलच्या दिवशी स्क्रू जास्त आवळला होता.

गुरुवारी रिहर्सलमध्ये दोनदा वाजवलं. पहिल्यांदा आरपार नीट गेलं. दुसऱ्यांदा दुसऱ्याच बारला (बार म्हणजे ठरावीक मात्रांचा गट) सुटलं, पण बॅटन दिसत होती म्हणून चौथ्या बारला परत पकडलं, थांबावं लागलं नाही. कंडक्टरनीही आपल्या बाजूने एक बदल केला: आर्पेजिओ सोळाव्यांवर आले की ते शेवटचे दोन बार हातात दोन-दोन मोजून दाखवतात, म्हणजे फ्लूट-ओबोना माझ्यावर अंदाज बांधावा लागत नाही. बाई म्हणाल्या, आता ऐकलंस तरी चालेल.

साडी नाही नेसणार, आजीची शाल शिवून घेतलेलं जॅकेट घालणार आहे. सुती आहे, शोल्डर रेस्ट सरकत नाही, बघितलं.

जुनी_पानं

फार बरं वाटलं. एक विचारू? फक्त पहिली मूव्हमेंट वाजवणार म्हणतेस, पण शेवटच्या स्वरानंतर बासून (फुंकून वाजवायचं खर्जाचं वाद्य) एकटा बी हा स्वर धरून दुसऱ्या मूव्हमेंटमध्ये नेतो. त्याचं काय करणार?

शततारका

बासूनवाल्या मुलाने हेच विचारलं रिहर्सलनंतर. आम्ही शेवटच्या कॉर्डवर थांबतो, त्यामुळे त्याचा बी गेला. त्याने तो घरी बसवला होता, एका श्वासात, हळूहळू विरत जाणारा. मी म्हटलं मला ऐकव. सगळे गेल्यावर हॉलमध्ये त्याने वाजवला आणि मी अँडान्तेमधले, म्हणजे दुसऱ्या मूव्हमेंटमधले, माझे पहिले आठ बार त्याच्यापुढे वाजवले.