दुखायच्या आधीच गोळी कशाला?

"अजून चीरही पडली नाही, मग दुखण्याची गोळी आत्ताच का?" हा बाबांच्या ऑपरेशनबद्दलचा तुमचा प्रश्न अगदी रास्त आहे. आईच्या कमरेच्या मणक्याच्या (एल४-एल५) ऑपरेशनच्या दिवशी सकाळी मीही सिस्टरना हेच विचारलं होतं. घोटभर पाण्यासोबत दोन गोळ्या दिल्या होत्या, पॅरासिटामॉल आणि प्रीगॅबालिन (हे नसांच्या दुखण्यावरचं औषध).

भूल दिली तरी कापल्याचे संदेश मज्जारज्जूपर्यंत पोचत राहतात आणि तिथल्या पेशी चाळवतात. मग नंतर साध्या स्पर्शानेही ठणका लागतो. वेदनेवर संशोधन करणारे शास्त्रज्ञ क्लिफर्ड वुल्फ यांनी १९८३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत हे दाखवलं. औषध आधीच रक्तात असलं तर हे चाळवणं कमी होईल, असा हिशेब. मला विचाराल तर आधी की नंतर यापेक्षा दोन-तीन वेगळ्या प्रकारची औषधं मिळून मॉर्फिनसारख्या तीव्र वेदनाशामकांची गरज कमी होते, हे जास्त महत्त्वाचं.

प्रीगॅबालिनबाबत मात्र जपून. त्याने गुंगी येते, गरगरतं. आई संध्याकाळी पलंगाच्या कडेला बसली आणि "खोली फिरतेय गं" म्हणत माझा दंड घट्ट धरला. वय जास्त असेल, सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) असेल किंवा सोबत मॉर्फिन किंवा त्याच गटातलं ट्रॅमाडॉल असेल तर श्वास मंदावू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१९ मध्ये दिलाय. किडनी कमजोर असेल तर डोसही कमी करावा लागतो.

तुमच्या बाबांना ट्रॅमाडॉल आधीपासून चालू आहे म्हणालात ना, ते भूलतज्ज्ञांच्या कानावर घालाच. शक्यतो स्ट्रिपच दाखवा.