मदत हवी आहे: बायर्न म्युनिकचा सर्वोत्तम गोलकीपर कसा ठरवायचा?

मंडळी, सेप मायर, ऑलिव्हर कान आणि मॅन्युएल नॉयर यांची तुलना लिहायला घेतली आहे आणि मायरपाशी गाडी अडली आहे.

मायरने 1974 ते 1976 असे सलग तीन युरोपियन कप जिंकले, बुंडेसलिगात (जर्मनीची अव्वल फुटबॉल लीग) ओळीने 442 सामने खेळला. पण तेव्हा सहकाऱ्याने मागे दिलेला पास कीपरला हातात घेता यायचा. 1992 मध्ये तो नियम बदलला. मग पायाने खेळ उभारणाऱ्या नॉयरशी त्याला कोणत्या निकषावर तोलायचं? नुसते क्लीन शीट (एकही गोल न खाल्लेले सामने) मोजणं मला पटत नाही, त्यात कीपरच्या स्वतःच्या संघाच्या बचावफळीचंही श्रेय असतं.

माझा कल कानकडे आहे. 2001 च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात व्हॅलेन्सियाविरुद्ध त्याने शूटआउटमध्ये तीन पेनल्टी अडवल्या. त्यातली कार्बोनीची तर पुन्हा बघाच, हाताला लागून चेंडू थेट बारवर! आणि त्याला घडवणारा गोलकीपर कोच कोण, तर मायरच.

मायरचे पूर्ण सामने कुणी पाहिलेत का? क्रॉस पकडताना तो गोलरेषा सोडून किती पुढे यायचा, हे कृपया सविस्तर सांगा. हायलाइट्समधून ते कळत नाही.