शब्दचर्चा: गप्पा, घरोबा, अबोला आणि इंग्रजीची तोंडी परीक्षा

नर्स, नाशिक

नमस्कार. दोन आठवड्यांनी माझी आयईएलटीएस, म्हणजे परदेशी जाण्यासाठीची इंग्रजीची परीक्षा आहे. यूकेला जायचंय, त्यामुळे स्पीकिंगमध्ये, म्हणजे तोंडी परीक्षेत, ७ बँड (गुणांची पातळी) हवेत. काल सरावाला ‘तुमच्या एखाद्या मैत्रिणीबद्दल बोला’ असं विषयाचं कार्ड आलं. मी बोलले ते असं: ‘माय बेस्ट फ्रेंड इज ऑफ हेल्पिंग नेचर. आय नो हर सिन्स टेन इयर्स. वुई आर व्हेरी फ्रँक विथ इच अदर अँड वुई गॉसिप अ लॉट. आय हॅव अ बिग फ्रेंड सर्कल अँड आय मिक्स अप विथ एव्हरीवन.’ एवढ्यावर माझं संपलं. क्लासमधले सर म्हणाले, हे सगळं भारतीय इंग्रजी आहे, आणि पाठ करायला चाळीस वाक्प्रचारांची यादी हातात ठेवली. काय चुकलं ते सांगितलं नाही. मला पाठ करायचं नाहीये, समजून घ्यायचंय. शिवाय ‘घरोबा’ आणि ‘अबोला’ यांना इंग्रजीत काय म्हणतात? माझ्या गोष्टीत हे दोन्ही आहेत आणि दोन्हीपाशी मी अडते.

शिक्षिका, सांगली

ताई, मी बारा वर्षं याच परीक्षेसाठी मुलामुलींना बोलायला शिकवते. तुमच्या मनात जे होतं ते मराठीत अगदी नेमकं आहे. घोळ फक्त एवढाच, की आपण रोजच्या मराठीत जे इंग्रजी शब्द वापरतो त्यांचे अर्थ आपण आपल्या सोयीनं वळवून घेतलेत. मराठी म्हणून ते बरोबरच आहेत. परीक्षकाच्या कानावर मात्र ते मूळ अर्थानं पडतात.

‘गॉसिप’पासून सुरू करते, कारण सगळ्यात जास्त नुकसान हा शब्द करतो. आपल्या गप्पा निर्मळ असतात. गप्पा मारतो, छाटतो, ठोकतो, गप्पा रंगतात, गप्पांत रात्र सरते. यात कुणाचं वाईट नसतं. ‘गॉसिप’ म्हणजे तिसऱ्याच्या खाजगी गोष्टी त्याच्या पाठीमागे चघळणं. मराठीत त्याला चहाड्या, कुचाळक्या, उखाळ्यापाखाळ्या म्हणतात. तेव्हा ‘वुई गॉसिप अ लॉट’चा अर्थ झाला ‘आम्ही दोघी मिळून खूप कुचाळक्या करतो’. तुम्हाला हवाय ‘चॅट’: ‘वुई कॅन चॅट फॉर आवर्स’. आणि बऱ्याच दिवसांनी भेटून एकमेकींची खबरबात घेणं असेल तर ‘कॅच अप’: ‘वुई मीट ऑन संडेज टू कॅच अप’. या ‘कॅच अप’ला मराठीत एका शब्दाचा जोड नाही, पण ‘काय गं, कुठे होतीस इतके दिवस?’ असं म्हणून आपण जे सुरू करतो, तेच ते.

‘मिक्स अप’ म्हणजे गल्लत करणं. दोन बाळांच्या हातावरच्या पट्ट्यांची अदलाबदल झाली तर त्याला ‘मिक्स अप’ म्हणतात. तुम्ही नर्स आहात, तुम्हाला फरक लगेच कळेल. लोकांत मिसळण्यासाठी नुसतं ‘मिक्स’ पुरतं: ‘आय मिक्स ईझिली विथ न्यू पीपल’.

‘फ्रँक’ आपण ‘मोकळी’ या अर्थानं घेतो. ‘मी तिच्याशी खूप फ्रँक आहे’ म्हणजे आडपडदा नाही. इंग्रजीत ‘फ्रँक’ माणूस म्हणजे तोंडावर स्पष्ट सुनावणारा, आपल्याकडचा फटकळ किंवा सडेतोड. तुमची मैत्रीण तशी असेल तर शब्द राहू द्या. आडपडदा नाही एवढंच म्हणायचं असेल तर ‘वुई कॅन टेल इच अदर एनिथिंग’. साधं आहे, पण शंभर टक्के बरोबर आहे.

‘सिन्स टेन इयर्स’ मात्र खरी व्याकरणाची चूक. मराठीत ‘मी तिला दहा वर्षं ओळखते’ असा वर्तमानकाळ चालतो, म्हणून आपण तोच तिकडे नेतो. इंग्रजीत ओळख पूर्वी सुरू होऊन आजवर चालत आली असेल तर ‘हॅव नोन’ लागतं. मुदत सांगायची तर ‘फॉर टेन इयर्स’, सुरुवात सांगायची तर ‘सिन्स टू थाउजंड फिफ्टीन’. मैत्रीच्या प्रश्नात हे वाक्य हटकून येतं, तेव्हा एवढं एक जिभेवर बसवाच.

‘फ्रेंड सर्कल’ समजतं. तिकडचे लोक ‘सर्कल ऑफ फ्रेंड्स’ किंवा नुसतं ‘फ्रेंड्स’ म्हणतात. त्यावर रात्र जागवू नका.

आता ‘हेल्पिंग नेचर’. ‘तिचा स्वभाव मदतीचा आहे’ यातला ‘स्वभाव’ उचलून आपण ‘नेचर’ केला. इंग्रजीत माणसाबद्दल ‘शी इज ऑलवेज विलिंग टू हेल्प’ किंवा ‘शी इज काइंड-हार्टेड’ असं थेट म्हणतात. पण शब्द बदलून काम भागत नाही. माझ्याकडे एक मुलगी होती, तीही अगदी असंच बोलली. मी विचारलं, ‘मदत करते म्हणजे काय करते गं?’ ती म्हणाली, ‘मॅडम, आमच्या गावातून एसटी पावणेसहाला सुटायची. ती रोज माझ्या खिडकीखाली येऊन सायकलची घंटी तीनदा वाजवायची. मी नाही उठले तर चौथ्यांदा वाजवायची नाही, आई जागी होईल म्हणून. खिडकीच्या गजाला खडा मारायची.’ मी म्हटलं, हेच बोल. घंटी, खिडकी, खडा, या सगळ्याला लागणारे इंग्रजी शब्द तिला सहावीपासून येत होते. दोन मिनिटं कधी संपली तिला कळलंही नाही, आणि ‘नेचर’ हा शब्द एकदाही आला नाही.

कार्डावर एक मिनिट तयारीला मिळतं आणि एक ते दोन मिनिटं बोलायचं असतं. त्या एका मिनिटात विशेषणं शोधू नका. ती काय करायची, ते आठवा.

निवृत्त मराठी शिक्षक, रत्नागिरी

मॅडमनी छान उलगडलंय. मी थोडी व्युत्पत्तीची भर घालतो. इंग्रजी ‘फ्रेंड’ हा जुन्या इंग्रजीतल्या ‘प्रेम करणे’ या क्रियापदापासून आलेला आहे, म्हणजे ‘प्रेम करणारा’. त्याचं आणि आपल्या ‘प्रिय’चं मूळ एकच. ‘कंपॅनियन’मध्ये तर लॅटिनमधला ‘पाव’ आहे: ज्याच्याबरोबर भाकरी वाटून खाल्ली तो.

मला खटकतं ते वेगळंच. मराठीत मैत्रीच्या किती पायऱ्या आहेत पाहा. तोंडओळख, ओळख, परिचय, स्नेह, दोस्ती, गट्टी, जिवाभावाची मैत्री. मित्र निराळा, स्नेही निराळा, सवंगडी निराळा, लंगोटीयार निराळा. ‘स्नेही’ म्हटलं की वयानं आणि आदरानं थोडं अंतर आलं. ‘सवंगडी’ म्हटलं की खेळ आला. इंग्रजीत गेल्यावर आमची मुलं या सगळ्यांना ‘बेस्ट फ्रेंड’ म्हणून मोकळी होतात. बेस्ट फ्रेंड चार-चार! या पायऱ्या इंग्रजीत नाहीत का?

शिक्षिका, सांगली

सर, आहेत, पण तिथे त्या नामांपेक्षा क्रियापदांत जास्त सापडतात, आणि आमची मुलं नामं शोधत बसतात.

नामं थोडीच आहेत. तोंडओळखीचा तो ‘अक्वेंटन्स’, त्यातही ‘नॉडिंग अक्वेंटन्स’ म्हणजे दिसल्यावर नुसती मान हलवण्यापुरता. लंगोटीयार म्हणजे ‘चाइल्डहूड फ्रेंड’. जिवलग ‘क्लोज फ्रेंड’. पण मैत्रीची चाल सांगायला क्रियापदं बघा. पहिल्या भेटीतच सूर जुळले तर ‘वुई हिट इट ऑफ’. नंतर पटत राहिलं तर ‘वुई गेट ऑन वेल’. बिनसलं, वाजलं, फाटलं तर ‘वुई फेल आउट’. पुन्हा दिलजमाई झाली तर ‘वुई मेड अप’. न भांडता हळूहळू दुरावलो तर ‘वुई ड्रिफ्टेड अपार्ट’. बिनसणं आणि दुरावणं यातला फरक मराठी माणसाला कुणी शिकवावा लागत नाही. ‘फेल आउट’ आणि ‘ड्रिफ्टेड अपार्ट’ मध्ये तोच फरक आहे. ही क्रियापदं रोजच्या बोलण्यातली आहेत, ‘अ फ्रेंड इन नीड’सारखी शाळेच्या फळ्यावरची नाहीत.

नाशिकच्या ताईंना मिळालेल्या चाळीसच्या यादीबद्दल मला म्हणूनच कळकळीनं सांगायचंय. तोंडी परीक्षेत गुण देण्याच्या चार निकषांपैकी शब्दसंपत्ती हा एक. बाकीचे तीन म्हणजे ओघ आणि सुसंगती, व्याकरण, उच्चार. चारही निकषांचं वजन सारखं. शब्दसंपत्तीत ७ बँडसाठी थोडे कमी वापरातले, मुरलेले शब्दप्रयोग लागतात हे खरं. पण त्याच ओळीत असंही आहे की काही निवडी चुकल्या तरी चालतील. एखाद-दुसऱ्या ‘फ्रेंड सर्कल’नं आकाश कोसळत नाही. पाठ केलेली म्हण मात्र उसन्या दागिन्यासारखी उठून दिसते, कारण तिच्या आजूबाजूची वाक्यं तिच्या जातीची नसतात.

नर्स, लीड्स

मी सात वर्षांपूर्वी याच परीक्षेतून इकडे इंग्लंडात आले. गॉसिपवरून आठवलं म्हणून दोन शब्द जोडते, दोन्ही मला महागात पडलेले.

एक ‘अँटिसोशल’. आमच्या वॉर्डातला एक सहकारी फार कुणात मिसळायचा नाही. डबा एकटाच खायचा. मी सहज म्हणाले, ‘ही इज अँटिसोशल’. मला म्हणायचं होतं एकलकोंडा, घुमा. वॉर्डच्या सिस्टरनं मला बाजूला घेऊन विचारलं, त्यानं काही केलं का? इकडे ‘अँटिसोशल बिहेवियर’ म्हणजे गल्लीत दंगा, तोडफोड, शेजाऱ्यांना त्रास. १९९८ च्या कायद्यात त्यासाठी न्यायालयाच्या मनाई हुकमाची तरतूद आली आणि तो अर्थ लोकांच्या तोंडी पक्का बसला. न मिसळणाऱ्यालाही कुणीकुणी ‘अँटिसोशल’ म्हणतं, पण कामाच्या ठिकाणी तो शब्द टोचतो. ‘ही कीप्स हिमसेल्फ टू हिमसेल्फ’ म्हणा. किती सौम्य आहे! त्यात त्याच्या एकटं राहण्याला मान आहे. ‘रिझर्व्ह्ड’ही चालेल. आणि उलट, मनमिळाऊ माणूस ‘सोशिएबल’. 

दुसरं, मुलांसाठी. मराठीत ‘माझी मैत्रीण’ निरागस आहे. मुलगा परीक्षेत ‘माय गर्लफ्रेंड’ म्हणाला तर ती प्रेयसी झाली. नुसतं ‘फ्रेंड’ म्हणा आणि पुढे ‘शी’ वापरा. गंमत अशी की बायका इथे मैत्रिणींना ‘गर्लफ्रेंड्स’ म्हणतात तेव्हा ते चालतं.

शिक्षिका, सांगली

ताई, फार मोलाचं सांगितलंत. ‘कीप्स हिमसेल्फ टू हिमसेल्फ’ मी उद्याच वर्गात घेते.

आता घरोबा आणि अबोला. अबोला सोपा आहे, कारण इंग्रजीत त्याची जवळजवळ प्रतिकृती आहे: ‘वुई वेअर नॉट ऑन स्पीकिंग टर्म्स फॉर सिक्स मंथ्स’. भांडण कशावरून झालं ते सांगायचं नसेल तरी हे वाक्य पुरतं. लहान मुलांची ‘कट्टी’ही यात बसवता येते, फक्त दिवस कमी करा.

घरोब्याला एक शब्द नाही, आणि तो शोधूही नका. ‘फॅमिली रिलेशन्स’ म्हणालात तर परीक्षकाला वाटेल तुम्ही नातेवाईक आहात. घरोबा म्हणजे काय ते आधी मराठीत फोडा. एकमेकांकडे येणंजाणं आहे. न कळवता गेलं तरी चालतं. त्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन आपण आपल्या हातानं पाणी घेतो. मग बोला: ‘अवर फॅमिलीज आर व्हेरी क्लोज. आय कॅन वॉक इन्टू देअर किचन विदाउट आस्किंग.’ आणि हवं तर मराठी शब्दच ठेवा: ‘इन मराठी वुई कॉल इट घरोबा’, आणि लगेच एका वाक्यात उकलून सांगा. शब्द अडला तर त्याच्याभोवती बोलत जाऊन अर्थ पोचवणं, याला गुण आहेत. निकषात ते कौशल्य लिहिलेलं आहे.

आमच्याकडच्या एका दादरच्या मुलाला ‘कट्टा’ सांगायचा होता. ‘शिवाजी पार्क कट्टा’ म्हणून तो थांबला, कारण इंग्रजी शब्द सापडेना. आम्ही तो असा बांधला: ‘देअर इज अ लो वॉल अराउंड द ग्राउंड, अँड एव्हरी इव्हनिंग पीपल जस्ट सिट देअर अँड टॉक.’ त्यातून ‘हँग आउट’ आपोआप आला, कारण कट्ट्यावर जे करतात ते हेच. काही ठरवून नाही, नुसतं असणं.

परीक्षेचा तिसरा भाग चार-पाच मिनिटांचा असतो. तिथे स्वतःवरून सगळ्या समाजावर यावं लागतं. ऑनलाइन मैत्री खरी का, शहरात मैत्री टिकते का, असे प्रश्न येतात. मत कुठलंही चालतं, मताला गुण नसतात. ‘अनफ्रेंड’ बेधडक वापरा. २००९ साली न्यू ऑक्सफर्ड अमेरिकन डिक्शनरीनं त्याला वर्षाचा शब्द म्हणून निवडलं होतं, तेव्हा तो काही गावठी नाही. आणि सर, तुम्ही दिलेली ‘कंपॅनियन’मधली भाकरी इथे फार कामाची आहे. ‘यू कान्ट शेअर अ मील ऑनलाइन’ म्हणून मुलं पुढे बोलू शकतील.

नर्स, नाशिक

सगळ्यांचे मनापासून आभार. मी यादी बाजूला ठेवली आणि आज सकाळी आरशासमोर न बसता आईसमोर बसून बोलले. असं झालं:

‘आय हॅव नोन हर फॉर टेन इयर्स. वुई हिट इट ऑफ इन द नर्सिंग हॉस्टेल. ऑन नाइट ड्यूटी शी यूज्ड टू पोअर हाफ हर टी इन द लिड ऑफ द फ्लास्क अँड पुश इट टुवर्ड्स मी विदाउट लुकिंग अप फ्रॉम द चार्ट. वन्स वुई फेल आउट अँड वुई वेअर नॉट ऑन स्पीकिंग टर्म्स फॉर थ्री वीक्स, बट द टी केम एव्हरी नाइट.’

आईला इंग्रजी येत नाही. ‘टी’ आणि ‘थ्री वीक्स’ एवढं तिला कळलं आणि ती म्हणाली, ‘तेव्हाचंच ना?’ काही दुरुस्ती असेल तर सांगा.

शिक्षिका, सांगली

एकच. ‘इन द लिड’ नको, ‘इन्टू द लिड’ म्हणा, चहा ओतायचाय ना. बाकी एक अक्षर बदलू नका.