न्यायाधीशांसाठी साठ मतांची अट परत आणावी का?

शिकागोकर (धागाकर्ता)

जुलै २०२५ मध्ये एमिल बोव्ह अमेरिकेतल्या थर्ड सर्किटच्या (एका विभागाच्या) संघीय अपील न्यायालयावर न्यायाधीश झाले. सिनेटमध्ये (संसदेच्या वरच्या सभागृहात, नेमणुका तेच मंजूर करतं) ५० विरुद्ध ४९. ट्रम्प यांच्या फौजदारी खटल्यांत हेच गृहस्थ त्यांचे वकील होते. कॉलिन्स आणि मर्कोव्स्की या दोन रिपब्लिकन सिनेटरही विरोधात गेल्या, तरी एका मताने निभावलं. आणि ही नेमणूक तहहयात!

माझं मत आधीच सांगून टाकतो: न्यायाधीशांच्या नेमणुकीसाठी साठ मतांची अट सिनेटने परत आणली पाहिजे.

ज्यांना हा घोळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. सिनेटमध्ये चर्चा बंद करून मतदान घ्यायचं तर आधी 'क्लोचर' मंजूर व्हावं लागतं. १९१७ च्या नियमात त्यासाठी दोन तृतीयांश मतं लागत, १९७५ पासून १०० पैकी ६०. म्हणजे विरोधकांकडे ४१ जण असले की मतदानच होत नाही. या अडवणुकीलाच 'फिलिबस्टर' म्हणतात. त्यासाठी घसा कोरडा करायचीही गरज उरली नाही. स्ट्रॉम थर्मंड १९५७ साली नागरी हक्क विधेयकाविरुद्ध २४ तास १८ मिनिटं उभे राहिले होते. नंतरच्या काळात "आमची मतं मिळणार नाहीत" एवढा निरोप पुरतो.

२१ नोव्हेंबर २०१३ रोजी डेमोक्रॅट नेते हॅरी रीड यांनी सर्वोच्च न्यायालय वगळून बाकी सगळ्या नेमणुकांसाठी ही अट काढली, ५२ विरुद्ध ४८ ने. त्यांच्याच पक्षाचे तिघे फुटले होते. एप्रिल २०१७ मध्ये रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांनी गोर्सच यांच्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचाही अपवाद उडवला, पुन्हा ५२ विरुद्ध ४८ नेच.

आता सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांना मिळालेली मतं बघा. गिन्सबर्ग १९९३ साली ९६-३ ने आल्या, ब्रेयर पुढच्या वर्षी ८७-९ ने. अट गेल्यानंतर गोर्सच ५४-४५, कॅव्हनॉ ५०-४८, बॅरेट ५२-४८, जॅक्सन ५३-४७. साठची भीती होती तेव्हा राष्ट्राध्यक्षाला नाव ठरवण्याआधी पलीकडच्या बाकावर फोन करावा लागायचा. आता कशाला करेल?

---

वकीलीण_बाई

शिकागोकर, आकडे बरोबर, निष्कर्ष उलटा. स्कालिया ९८-० ने आले आणि केनेडी ९७-० ने, ते काय साठच्या धाकाने? १९९१ चे क्लॅरेन्स थॉमस बघा. ५२-४८! सिनेट तेव्हा डेमोक्रॅट पक्षाच्या ताब्यात होतं. ४१ जणांनी ठरवलं असतं तर थॉमस यांचं नाव मतदानापर्यंत आलंच नसतं. कोणी अडवलं नाही. १९८७ साली बोर्क पडले तेही सरळ मतदानात, ४२-५८.

सर्वोच्च न्यायालयाच्या नावाला फिलिबस्टरने खरोखर रोखल्याचं ठळक उदाहरण एकच, १९६८ चे एब फोर्टास. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांना त्यांना सरन्यायाधीश करायचं होतं, क्लोचरला ४५-४३ मिळाली, नाव मागे घेतलं. म्हणजे अट कागदावर होती आणि वापरायची नाही असा संकेत होता. तुम्ही श्रेय अटीला देताय, काम संकेत करत होता. संकेत मेल्यावर अट परत आणाल, तर दर वेळी वापरली जाईल.

---

जुना_भिडू

संकेत मेला म्हणे! मारला कोणी ते पण सांगा ना बाई.

मिगेल एस्ट्राडा. होंडुरासमध्ये जन्मलेला, किशोरवयात अमेरिकेत आलेला, हार्वर्डचा वकील. मे २००१ मध्ये बुश यांनी डीसी सर्किटसाठी (वॉशिंग्टनचं संघीय अपील न्यायालय) नाव दिलं. पन्नासहून जास्त सिनेटर त्याच्या बाजूने होते. डेमोक्रॅटनी २००३ मध्ये सात वेळा क्लोचर हाणून पाडलं, सप्टेंबरात त्याने स्वतःच नाव काढून घेतलं. अपील न्यायालयाच्या नावाला असं पद्धतशीर अडवणं तिथून सुरू झालं. पुढे २००५ मध्ये रिपब्लिकन नेते फ्रिस्ट 'न्यूक्लिअर ऑप्शन'ची, म्हणजे साध्या बहुमताने अटच उडवायची, धमकी द्यायला लागले, ते उगाच नाही.

मॅकॉनेल २०१३ मध्ये रीडना तोंडावर म्हणाले होते, तुम्हाला याचा पश्चात्ताप होईल आणि वाटतं त्यापेक्षा लवकर होईल. साडेतीन वर्षं लागली.

---

औंधकर

@जुना_भिडू, गोष्ट सोयीच्या ठिकाणाहून सुरू करायची तुमची जुनी सवय. २००१ च्या आधी जग नव्हतं का? रिचर्ड पाएझ यांचं नाव क्लिंटननी जानेवारी १९९६ मध्ये दिलं, मंजुरी मार्च २००० मध्ये. चार वर्षं! एलेना केगन यांचं नाव १९९९ मध्ये डीसी सर्किटसाठी दिलं, रिपब्लिकन सिनेटच्या समितीने सुनावणीच घेतली नाही. निष्पक्षपणे हेही सांगतो की १९९२ मध्ये जॉन रॉबर्ट्स यांचं नाव डेमोक्रॅट सिनेटने असंच कुजवलं होतं. पुढे दोघंही सर्वोच्च न्यायालयात शेजारी बसले.

आणि २०१३ चं कारण? डीसी सर्किटच्या ११ पैकी तीन जागा रिकाम्या. ओबामांनी तीन नावं दिली: मिलेट, पिलार्ड, विल्किन्स. रिपब्लिकनांचा मुख्य मुद्दा यांची लायकी नव्हताच. म्हणाले, कोर्टाला काम कमी आहे, नवे न्यायाधीश नकोतच. रिपब्लिकन सिनेटर ग्रासली यांनी तर ११ चे ८ करायचं विधेयक आणलं. माणूस कोणीही असो, जागाच भरू देणार नाही! रीड यांनी दुसरं काय करायला हवं होतं?

---

तिरकस

२००५ मध्ये रिपब्लिकन म्हणत होते, प्रत्येक नावाला साधं बहुमत हा घटनेचा आत्मा आहे. डेमोक्रॅट म्हणत होते, फिलिबस्टर ही पूर्वजांची ठेव आहे. २०१३ मध्ये दोघांनी भाषणांचे कागद अदलाबदल करून वाचले. गल्लीतल्या क्रिकेटसारखं आहे, ज्याची बॅट त्याचे नियम, आणि बॅट दर चार-सहा वर्षांनी दुसऱ्याच्या घरी.

---

जुना_भिडू

तिरकसराव, पण २००५ मध्ये तडजोड झाली होती हे विसरू नका. सात रिपब्लिकन आणि सात डेमोक्रॅट, 'गँग ऑफ १४'. मॅकेन, बेन नेल्सन, बर्ड वगैरे मंडळी. ओवेन, ब्राऊन आणि प्रायर यांना मतदान मिळालं, बदल्यात न्यूक्लिअर ऑप्शन बासनात. 'असाधारण परिस्थिती' असेल तरच फिलिबस्टर, असा करार. न्यूक्लिअर ऑप्शन पुढे आठ वर्षं कोणी वापरला नाही. तीन वर्षं लटकलेले कॅव्हनॉसुद्धा त्यानंतरच २००६ मध्ये डीसी सर्किटवर गेले.

---

नवा_सभासद_पुणे

आपल्याकडे कॉलेजियममुळे हा तमाशा तरी नाही. न्यायाधीशच न्यायाधीश निवडतात, विषय संपला.

---

वकीलीण_बाई

@नवा_सभासद_पुणे, विषय अजिबात संपत नाही. २०१५ मध्ये न्यायिक नियुक्ती आयोग रद्द करणाऱ्या निकालातच एका न्यायमूर्तींनी वेगळं मत दिलं होतं. पण त्याचा वेगळा धागा काढा, इथे शंभर प्रतिसादांची भर नको.

---

एडिसनची_काकू

मी राजकारणातली नाही, पण हा विषय आमच्या घरापर्यंत येतो म्हणून लिहिते. एच-४ व्हिसावर (एच-१बी नोकरदारांच्या जोडीदारांचा) असलेल्या आमच्यासारख्या बायकांना कामाची परवानगी देणारा २०१५ चा नियम. त्याच्यावर खटला चालला तो याच डीसी सर्किटमध्ये, आणि २०२४ मध्ये त्या कोर्टाने नियम टिकवला. तिथे कोण बसलंय याचा आमच्या पगाराशी थेट संबंध आहे हो.

आणि बोव्ह बसले ती जागा आमच्या न्यू जर्सीची. त्याच जागेसाठी बायडन यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये आदिल मंगी यांचं नाव दिलं होतं. ते अपील न्यायालयावरचे पहिले मुस्लिम न्यायाधीश झाले असते. ते तर पडले, पण फिलिबस्टर तेव्हा नव्हताच ना? मग कशाने पडले? आणि ओबामांनी २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी नाव दिलेल्या गारलँड यांनाही फिलिबस्टरने अडवलं का? मला हे कुठेच नीट कळत नाही.

---

वकीलीण_बाई

काकू, या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा प्रश्न तुम्ही विचारलात.

मंगी यांना रिपब्लिकन मतं मिळणार नव्हतीच, पण डेमोक्रॅट पक्षातल्याच काही जणांनी पाठिंबा द्यायला नकार दिला. पन्नासही जमेनात. २०२४ ची निवडणूक हरल्यावर डेमोक्रॅट नेते शुमर यांनी रिपब्लिकनांशी सौदा केला: जिल्हा न्यायालयांच्या नावांवर मतदान होऊ द्या, अपील न्यायालयांची चार नावं आम्ही सोडतो. मंगी त्या चारांतले.

गारलँड यांना तर बहुमतानेच रोखलं. स्कालिया १३ फेब्रुवारी २०१६ ला गेले, १६ मार्चला नाव आलं, आणि मॅकॉनेल यांनी सुनावणीच ठेवली नाही. २९३ दिवस. ५१ जण हातात असले की सुनावणी न घेणं पुरतं, ४१ जणांची अडवणूक लागत नाही. चार वर्षांनी गिन्सबर्ग १८ सप्टेंबरला गेल्या आणि राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या आठ दिवस आधी बॅरेट यांची नेमणूक झाली. निवडणुकीच्या वर्षात जागा भरायची नाही, हे तत्त्व तेवढ्यात आटोपलं होतं.

म्हणून धागाकर्त्यांना विचारते: साठची अट आणून गारलँड यांना काय मिळालं असतं?

---

शिकागोकर

काही नाही, मान्य. म्हणून अटीबरोबर मुदत हवी. नाव आल्यापासून अमुक दिवसांत समितीची सुनावणी आणि क्लोचरचं मतदान झालंच पाहिजे. मग दोन्ही दारं बंद: बहुमत फाईल दाबून ठेवू शकणार नाही, आणि राष्ट्राध्यक्ष एका मतावर आपला वकील आत घुसवू शकणार नाही. साठ मिळाली नाहीत तर दुसरं नाव आणा. जागा रिकामी राहिली की दोघांवर दबाव येईल, आणि मधला माणूस सापडेल.

दुसरं, वायोमिंगची लोकसंख्या सहा लाखांच्या आत, कॅलिफोर्नियाची चार कोटींच्या आसपास, सिनेटर दोघांचे दोन-दोन. अशा सभागृहात ५० मतं म्हणजे देशातलं बहुमत असेलच असं नाही. साठचा आकडा निदान ते थोडं सावरतो.

---

औंधकर

"दोघांवर दबाव येईल" इथेच तुमची इमारत कोसळते. रिकामी जागा दोघांना सारखी टोचत नाही. फेब्रुवारी २०१६ पासून सर्वोच्च न्यायालय १४ महिने आठ जणांवर चाललं. ओबामांची स्थलांतरितांविषयीची योजना, अमेरिकेत जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रं नसलेल्या आईबापांना संरक्षण देणारी, जून २०१६ मध्ये ४-४ वर अडकली. बरोबरी झाली की खालच्या कोर्टाचा निकाल कायम. तो टेक्सासच्या बाजूचा होता, योजना मेली. म्हणजे जागा रिकामी ठेवणाऱ्यालाच बक्षीस मिळालं! ट्रम्प २०१७ मध्ये आले तेव्हा शंभराहून जास्त जागा त्यांची वाट बघत होत्या. अडवणूक करणारा दबावाखाली नव्हता, मजेत होता.

आणि वायोमिंगचं गणित उलटं पण लागतं साहेब. ४१ सिनेटर छोट्या राज्यांचे जमवले तर ती किती लोकांची मतं होतात? साठची अट त्यांना अजून मोठी काठी देते.

---

जुना_भिडू

आश्चर्य वाटेल, पण या मुद्द्यावर मी औंधकरांबरोबर. वेगळ्या कारणाने.

रीड यांनी त्या दिवशी नियम बदललाच नव्हता. त्यांनी मुद्दा मांडला की नेमणुकीच्या क्लोचरला साधं बहुमत पुरतं. अध्यक्षस्थानावरून निर्णय आला, नाही पुरत. रीड यांनी त्यावर सभागृहाकडे दाद मागितली आणि सभागृहाने अध्यक्षांचा निर्णय फिरवला. झालं. नियम क्रमांक २२ मध्ये तीन पंचमांश असंच आजही छापलेलं आहे. एका दुपारी ५१ जण जे करू शकतात ते दुसऱ्या दुपारीही करू शकतात. शिकागोकर अट परत आणतील, मुदत घालतील, आणि पहिली महत्त्वाची जागा रिकामी झाली की ती पुन्हा उडेल. घटनेत घातली तरच टिकेल, आणि घटनादुरुस्ती कोण करतंय?

टिकतं काय ते बघा. ब्लू स्लिप! जिल्हा न्यायाधीशासाठी त्या राज्याच्या दोन्ही सिनेटरांनी चिठ्ठी परत पाठवली नाही तर नाव पुढे सरकत नाही. नियमात कुठेही नाही, समितीची प्रथा आहे. अपील न्यायालयांसाठी ती ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीत ग्रासलींनीच मोडीत काढली. पण जिल्ह्यांसाठी तेच ग्रासली २०२५ मध्ये तिला चिकटून राहिले, खुद्द ट्रम्प यांनी जाहीर ताशेरे ओढले तरी. का? कारण आपल्या राज्यातला न्यायाधीश ठरवण्याचा तो प्रत्येक सिनेटरचा खासगी हक्क आहे, आणि तो हातचा सोडायला कोणी तयार नाही. पक्षाच्या तत्त्वासाठी कोणी हात बांधून घेत नाही, स्वतःच्या वाट्यासाठी घेतो.

---

शिकागोकर

@जुना_भिडू, ब्लू स्लिपचा मुद्दा चांगला आहे आणि मी तो माझ्याच बाजूने वापरणार. कायद्यांसाठीचा फिलिबस्टर अजून का जिवंत आहे? जानेवारी २०२२ मध्ये मतदान हक्काच्या विधेयकासाठी त्याला भोक पाडायचं ठरलं तेव्हा डेमोक्रॅट सिनेटर जो मँचिन आणि कर्स्टन सिनेमा अडले, ४८-५२. २०२५ च्या शटडाऊनमध्ये ट्रम्प म्हणाले, उडवून टाका. सिनेटमधले रिपब्लिकन नेते थून यांनी ऐकलं नाही. म्हणजे आपण उद्या अल्पमतात असू ही भीती अजून काम करते. न्यायाधीशांबाबतही करेल.

---

वकीलीण_बाई

नाही करणार. कायदा पुढचं बहुमत रद्द करू शकतं, न्यायाधीश रद्द करता येत नाही. पन्नाशीच्या आत बसवलेला माणूस तीस वर्षं राहतो. एवढं मोठं घबाड समोर असताना उद्याच्या भीतीने आज कोण हात आखडेल? तुम्हाला खरंच काही बदलायचं असेल तर तहहयात हा शब्द धरा. सर्वोच्च न्यायालयात १८ वर्षांची मुदत, दर दोन वर्षांनी एक जागा. मग एका जागेसाठी इतकं रक्त आटवायची गरज उरणार नाही.

---

तिरकस

त्यालाही घटनादुरुस्ती लागेल असंच बहुतेक जाणकार म्हणतात. म्हणजे दोन तृतीयांश, आणि वर ३८ राज्यं. साठ परवडले.

---

जुना_भिडू

शिकागोकर, एकच सरळ प्रश्न. बायडन यांनी चार वर्षांत २३५ न्यायाधीश बसवले, ट्रम्प यांच्या पहिल्या चार वर्षांपेक्षा एक जास्त. त्यातल्या कितीतरी जणांना साठ मतं मिळालेली नाहीत. त्या चार वर्षांतही तुम्ही ही अट मागितली असती का?

---

शिकागोकर

हो. जॅक्सन यांच्या ५३-४७ च्या दिवशीही मागितली असती.

---

औंधकर

तुम्ही मागितली असती हो. शुमर यांनी दिली असती का ते सांगा.