डिस्कला ‘एसडीए-एसडीबी’ म्हणून ओळखणं आता थांबवा

रात्रपाळी:
फोर्टमधल्या एका सीए ऑफिसातला प्रसंग. सर्व्हरमध्ये चार डिस्कांचा रेड-५, म्हणजे चौघी मिळून एकच साठा (अ‍ॅरे). एक डिस्क गेली, स्क्रीनवर लिनक्सने तिला दिलेलं नाव आलं, एसडीसी. देखभालीला आलेल्या माणसाने डावीकडून ए, बी, सी असं मोजलं आणि तिसरा ट्रे बाहेर ओढला. ती डिस्क ठणठणीत होती. मेलेली होती पहिल्या कप्प्यात. रेड-५ एक डिस्क गेलेली सोसतो, दुसरी नाही. अ‍ॅरे जागच्या जागी बंद, आणि रिटर्न भरायची मुदत तोंडावर. काढलेली डिस्क परत लावून अ‍ॅरे फोर्स करून जोडला म्हणून डेटा वाचला.

लिनक्स ही अक्षरं कप्पा बघून देत नाही. बूट होताना जी डिस्क आधी सापडेल तिला ए, पुढची बी. दवाखान्यातल्या टोकनासारखं आहे हे, उद्या तोच पेशंट आला तरी नंबर वेगळा. एखादा पेनड्राइव्ह लावलेला राहिला, एखादी डिस्क जागी व्हायला उशीर झाला, की क्रम बदलला. एनव्हीएमई जातीच्या वेगवान एसएसडींचे शून्य-एक हे आकडेही असेच हलतात.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. एफएसटॅबमध्ये, म्हणजे बूट होताना कुठली डिस्क कुठे जोडायची त्या यादीत, यूयूआयडी हा लांबलचक ओळख क्रमांक. बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये बाय-आयडीचा पत्ता, त्यात मॉडेल आणि सीरियल नंबर असतो. आणि प्रत्येक ट्रेवर सीरियलच्या शेवटच्या चार अक्षरांचं स्टिकर. जिथे एसडी-काहीतरी लिहिलंय ते खोडा.

लॅमिंग्टनरोड:
दादा, तुमचा सर्व्हर चार डिस्कांचा. माझ्याकडे येतात ती एका डिस्कची मशिनं, आणि तिथे इन्स्टॉलर आधीच यूयूआयडी लिहून मोकळा होतो. पण यूयूआयडी म्हणजे पक्की ओळख, हे मला अजिबात मान्य नाही. ती ओळख डिस्कची नसतेच, तिच्यावरच्या फाइल सिस्टिमची, म्हणजे फाइली मांडून ठेवायच्या रचनेची असते. फॉरमॅट मारला की बदलते. जुन्या हार्ड डिस्कवरून एसएसडीवर क्लोन केलं की दोघांची एकच होते, आणि हे काम मी रोज करतो. दोन्ही डिस्क लावून मशीन चालू केलं तर कुठली माउंट होईल, म्हणजे वापरासाठी जोडली जाईल, याची खात्री कोण देणार? एक्सएफएस ही फाइल सिस्टिम निदान अडून बसते, डुप्लिकेट यूयूआयडी म्हणून माउंट करू देत नाही. ईएक्सटी४ ही दुसरी, ती चकार शब्द काढत नाही. गिऱ्हाईक आठवडाभर जुन्याच डिस्कवर काम करत राहतं.

शिवाय ३६ अक्षरांची ती माळ फोनवर कोणाला वाचून दाखवणार? त्यापेक्षा फाइल सिस्टिमला लेबल द्या, म्हणजे साधं नाव. ‘हिशेब’, ‘बॅकअप’. माणसाला कळतं.

रात्रपाळी:
क्लोनचा मुद्दा शंभर टक्के खरा. पण त्यावर उपाय आहे: क्लोन झाला की जुनी डिस्क काढा, किंवा ट्यून२एफएस ही कमांड वापरून एकीला नवा यूयूआयडी द्या. मिनिटाचं काम आहे. लेबलचं काय? क्लोनमध्ये लेबलही तसंच्या तसं जातं. वर प्रत्येक ऑफिसात ‘बॅकअप’ नावाच्या दोन-तीन डिस्क असतातच.

अक्षरजुळणी:
लेबलवाल्यांसाठी एक गोष्ट, देवनागरी लिहिणार असाल तर. ईएक्सटी४ला लेबलसाठी १६ बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत आपलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं, काना-मात्रा-अनुस्वार सगळे धरून. म्हणजे पाच चिन्हं. ‘हिशेब’ बसतं, तेवढ्यात १५ बाइट संपले. ‘संग्रह’ला १८ लागतात, बसत नाही. आमच्या प्रेसमध्ये आम्ही जीपीटी पार्टिशनचं, म्हणजे डिस्कच्या वाटणीतल्या भागाचं, नाव वापरतो, तिथे ३६ चिन्हांची जागा आहे. ‘मुखपृष्ठे जुनी’ असं सरळ लिहिता येतं, आणि फाइल सिस्टिम नव्याने फॉरमॅट केली तरी ते नाव टिकतं. मी लॅमिंग्टनरोड यांच्या बाजूने आहे. रात्री फोन येतो तेव्हा पलीकडच्या मुलाला वाचता येईल असंच नाव हवं.

कप्पाक्रमांक:
दोन्ही बाजू एक गोष्ट सोडतायत. डिस्क मरते तेव्हा ती सीरियल सांगायलाही उरत नाही. स्मार्टसीटीएल या डिस्क तपासायच्या कमांडला उत्तरच येत नाही. मग तुमचा बाय-आयडी कुठे राहिला? आम्ही चांदिवलीत रॅक सांभाळतो, तिथे बाय-पाथ वापरतो: कुठला कंट्रोलर, कुठला पोर्ट. डिस्क बदलली तरी कप्प्याचं नाव तेच.

यूएसबी डॉकवर, म्हणजे डिस्क बाहेरून जोडायच्या डब्यावर, तर सीरियलचा भरवसा धरूच नका. काही स्वस्त डॉक डिस्कचा सीरियल पुढे न देता स्वतःचाच देतात. आतली डिस्क बदलली तरी बाय-आयडीमध्ये नाव तेच दिसतं.

रात्रपाळी:
डॉकचं मान्य. तिथे यूयूआयडीच हवा, कारण तो डिस्कवरच लिहिलेला असतो, मध्ये कुठलाही डबा असो. पण बाय-पाथ? कोणी साफसफाईत दोन केबल अदलाबदल केल्या की तुमचं नाव दुसऱ्याच डिस्ककडे बोट दाखवणार. आणि मेलेली डिस्क बोलत नाही हे खरं, पण उरलेल्या तिघी बोलतात. त्यांचे सीरियल घ्या, स्टिकरशी जुळवा, जो ट्रे उरला तो काढा. फोर्टमध्ये हे दहा मिनिटांत झालं असतं.

लॅमिंग्टनरोड:
स्टिकरला माझा विरोध नाहीच. पण यूयूआयडीच्या भक्तांनी आणखी एक लक्षात ठेवा. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी अख्ख्या मुंबईची वीज गेली, ती आठवत असेल. अशा वेळी वीज आली की मशिनं आपोआप उठतात. बाहेरची बॅकअप डिस्क तेव्हा जोडलेली नसेल आणि तिचा यूयूआयडी एफएसटॅबमध्ये असेल, तर सिस्टिमडी हा मशीन सुरू करणारा लिनक्सचा प्रोग्रॅम ९० सेकंद वाट बघतो आणि इमर्जन्सी मोडमध्ये, म्हणजे माणसाने हात लावेपर्यंत अर्धवट सुरू अवस्थेत, जाऊन बसतो. ऑफिसात कीबोर्ड लावायला माणूस नाही. काढ-घाल होणाऱ्या डिस्कच्या ओळीत ‘नोफेल’ लिहा, म्हणजे ती नसली तरी मशीन सुरू होईल. ओळख यूयूआयडीने असो की लेबलने, याला सुट्टी नाही.

रात्रपाळी:
बरोबर. बाहेरच्या डिस्कला नोफेल हवंच. मात्र मग स्क्रिप्टने बॅकअप सुरू करण्याआधी डिस्क खरंच माउंट झालीय का हे तपासलं पाहिजे, नाहीतर सगळा बॅकअप रिकाम्या फोल्डरमध्ये, म्हणजे मूळ डिस्कवरच जाऊन पडतो. त्यासाठी माउंटपॉइंट ही कमांड आहे, स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत टाका.