अमेरिकेतील ‘इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी’ विभाग : प्राध्यापकांची पार्श्वभूमी पाहून काय ठरवावे?

प्रश्न – कृष्णाकाठ

नमस्कार. मी तंत्रनिकेतनातून यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतली, नंतर थेट द्वितीय वर्षाला प्रवेश घेऊन बी.ई. पूर्ण केले. सध्या कोल्हापूरजवळच्या शिरोली औद्योगिक वसाहतीत, एका फाउंड्रीच्या मशीन शॉपमध्ये गुणवत्ता विभागात काम करतो. अमेरिकेतील एका राज्य विद्यापीठाने मला ‘इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी’ या विषयातील एम.एस.साठी प्रवेश देऊ केला आहे.

त्या विभागातील प्राध्यापकांची माहिती वाचल्यावर मात्र मन साशंक झाले आहे. काहींकडे पीएच.डी. नाही, बी.एस., एम.एस. आणि त्यापुढे पंधरा-वीस वर्षांची कारखान्यातील नोकरी, एवढेच लिहिले आहे. एका प्राध्यापिकेची पीएच.डी. चक्क शिक्षणशास्त्रातील आहे. संशोधनाच्या विषयांत मापनशास्त्र, ॲडिटिव्ह मॅन्युफॅक्चरिंग, पीएलसी व ऑटोमेशन, लीन पद्धती आणि ‘अभियांत्रिकी शिक्षण’ असे सगळे एकत्र दिसते. त्याच विद्यापीठाच्या मेकॅनिकल विभागात सगळे पीएच.डी. झालेले असून त्यांचे विषय टर्ब्युलन्स, नॅनो-पदार्थ असे भारदस्त आहेत. माझ्या मामांचे स्पष्ट मत आहे की हा दुय्यम दर्जाचा विभाग आहे आणि तेथे पैसे घालवू नयेत. हे मत कितपत खरे आहे? आणि मार्गदर्शक निवडताना या माहितीतले नेमके काय पाहावे?

उत्तर १ – टूलरूम ते फळा

मी अशाच एका विभागात शिकवतो आणि त्यापूर्वी चाकणला व नंतर अमेरिकेत साचे बनवण्याच्या व्यवसायात होतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

या विभागांचा इतिहास समजला की तेथील प्राध्यापकांची घडण आपोआप उलगडते. १९५५ मध्ये ग्रिंटर समितीचा अहवाल आला आणि अमेरिकेतील अभियांत्रिकीचे शिक्षण गणित व मूलभूत विज्ञानाकडे झुकले. दोन वर्षांनी स्पुटनिक उडाल्यावर तो ओघ आणखी वाढला. अभ्यासक्रमातून वर्कशॉप, ड्रॉइंग आणि उत्पादनाची प्रात्यक्षिके मागे पडत गेली. कारखान्यांना मात्र ड्रॉइंग वाचून जॉब (घडवायचा भाग) उभा करणारा, यंत्र बंद पडल्यावर कारण शोधणारा माणूस हवाच होता. ही पोकळी भरून काढण्यासाठी साठच्या दशकात चार वर्षांचे ‘इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजी’चे अभ्यासक्रम उभे राहिले. पर्ड्यू विद्यापीठाने तंत्रज्ञानाची स्वतंत्र शाखा १९६४ मध्येच सुरू केली होती. अशा विभागात शिकवायला कारखान्यातून आलेली माणसे घेणे ही तडजोड नव्हती, ती विभागाची गरज होती. ती परंपरा आजही टिकून आहे.

मान्यतेची व्यवस्थाही वेगळी आहे. अभ्यासक्रमांना मान्यता देणाऱ्या ‘एबेट’ या अमेरिकी संस्थेत अभियांत्रिकीसाठी एक आयोग आहे आणि टेक्नॉलॉजीच्या अभ्यासक्रमांसाठी ‘ईटॅक’ हा दुसरा. ईटॅकच्या निकषांत प्राध्यापकाची योग्यता केवळ पदवीवरून ठरत नाही; शिक्षणाबरोबर व्यावसायिक अनुभव, प्रमाणपत्रे, विषयातील योगदान आणि शिकवण्याची परिणामकारकता यांचाही विचार होतो. त्यामुळे एखाद्या प्राध्यापकाच्या नावापुढे एम.एस., पी.ई. (प्रोफेशनल इंजिनिअर, म्हणजे व्यावसायिक अभियंता) परवाना आणि डाय-कास्टिंगमधील चौदा वर्षे असे दिसले, तर तो अपवाद समजू नये. अर्थात गेल्या काही वर्षांत कायमस्वरूपी, म्हणजे टेन्युअरच्या जागांसाठी पीएच.डी. मागण्याकडे कल वाढला आहे. परिणामी एकाच मजल्यावर दोन प्रकारची माणसे भेटतात : एक कारखान्यात मुरलेली, दुसरी प्रयोगशाळेत.

शिक्षणशास्त्रातील पीएच.डी.बद्दल आपण ‘चक्क’ हा शब्द वापरला आहे, त्याबद्दल एवढेच सांगतो की ते या क्षेत्रातील जुने आणि प्रतिष्ठित संशोधनक्षेत्र आहे. १९९० मध्ये अर्नेस्ट बॉयर यांनी विद्वत्तेचे चार प्रकार मांडले, त्यांत नव्या शोधाबरोबर ज्ञानाची सांगड घालणे, त्याचा उपयोग करणे आणि अध्यापन यांनाही स्थान दिले. आमच्यासारख्या विभागांनी बढतीच्या निकषांसाठी ही मांडणी मनापासून स्वीकारली, कारण ती आमच्या कामाला चपखल बसते. शिवाय निधीचाही प्रश्न असतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानचा तंत्रज्ञ-शिक्षणासाठीचा एक मोठा कार्यक्रम १९९२ च्या कायद्यातून सुरू झाला. त्यातून अनुदान मिळवायचे तर विद्यार्थी कसे शिकतात याचा पद्धतशीर अभ्यास यावाच लागतो.

उत्तर २ – निवृत्त विभागप्रमुख

वरील उत्तर उत्तम आहे. मी महाराष्ट्रातील तंत्रनिकेतनात अनेक वर्षे काढली, त्यामुळे आपल्याकडची बाजू मांडतो. कारण मामांचे मत कोठून आले हे मला चांगले ठाऊक आहे.

आपल्याकडे अध्यापकाची शिडी पदवीच्या पायऱ्यांची आहे. एआयसीटीईच्या (अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या) २०१९ च्या नियमांनुसार तंत्रनिकेतनात अधिव्याख्याता होण्यासाठी प्रथम श्रेणीची अभियांत्रिकी पदवी लागते, पदवी महाविद्यालयात सहायक प्राध्यापकासाठी पदव्युत्तर पदवी आणि सहयोगी प्राध्यापकापासून पुढे पीएच.डी. नियमांत उद्योगातील अनुभवाचा उल्लेख नाही असे नाही, परंतु मुलाखतीच्या टेबलावर त्याचे वजन किती पडते हे ज्यांनी त्या खुर्चीत बसून पाहिले आहे त्यांनाच विचारावे. परिणाम असा की पदवी झाल्यावर लगेच एम.टेक. आणि लगेच अध्यापन असा प्रवास करणारे खूप, आणि पाच वर्षे व्हीएमसीसमोर (संगणक-नियंत्रित मिलिंग यंत्रासमोर) उभे राहून मग वर्गात आलेले थोडे. हे थोडे लोक वर्गात ओळखू येतात. टॉलरन्स (मापात चालणारा फरक) शिकवताना ते फळ्यावर फक्त आकडा लिहीत नाहीत; तो एका शून्याने घट्ट केला तर जॉबची किंमत कोठे जाते, हेही सांगतात.

गंमत अशी की आपल्या जुन्या संस्थांचा जन्मच व्यवहारातून झालेला आहे. पुण्याचे अभियांत्रिकी महाविद्यालय १८५४ मध्ये सुरू झाले ते सार्वजनिक बांधकामासाठी हाताखालचे अधिकारी तयार करण्याकरिता. मुंबईची व्हीजेटीआय १८८७ ची, आणि तिच्या आरंभीच्या काळावर कापड गिरण्यांच्या गरजांची दाट छाया आहे. १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठात स्थापन झालेल्या रासायनिक तंत्रज्ञान विभागात, म्हणजे आजच्या आयसीटीत (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), प्राध्यापकांनी उद्योगांना सल्ला देणे आणि त्या अडचणींतून संशोधनाचे विषय काढणे ही रीतच पडली. प्रा. मनमोहन शर्मा यांचे उदाहरण घ्या. वायू आणि द्रव यांच्यातील अभिक्रियांवरचे त्यांचे काम सिद्धान्ताच्या दृष्टीने अव्वल होते, तरी उद्योगांशी त्यांचा संबंध कधी तुटला नाही. १९९० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. व्यवहाराशी जोडलेले संशोधन हलके असते, हा समज आपल्याच घरच्या उदाहरणाने खोटा ठरतो.

तरीही मामांना पूर्णपणे चुकीचे ठरवू नये. ज्यांची कारखान्यातील वर्षे दोन दशकांपूर्वी संपली आणि त्यानंतर ज्यांनी नवीन काहीच केले नाही, असेही प्राध्यापक असतात. अनुभवालाही गंज चढतो.

उत्तर ३ – ओहायोतला सांगलीकर

मी हीच पदवी घेऊन आता नोकरी करतो. इतिहास वर आलाच आहे. मी व्यवहाराच्या गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट, ईटॅकची मान्यता सहयोगी (असोसिएट) आणि बॅचलर पदव्यांच्या अभ्यासक्रमांना असते. आपल्या एम.एस.ला ती असण्याचा प्रश्नच येत नाही, त्यामुळे विभाग ‘मान्यताप्राप्त’ असल्याचे वाचून हुरळून जाऊ नये. दुसरी, आपल्या अभ्यासक्रमाचा सीआयपी संकेतांक (अमेरिकेतील अभ्यासक्रमांच्या वर्गीकरणाचा क्रमांक) विचारून घ्या. अभियांत्रिकीचे संकेतांक १४ ने सुरू होतात, इंजिनिअरिंग टेक्नॉलॉजीचे १५ ने. १५ च्या गटातील बहुतेक विषय स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत आहेत, परंतु आपला नेमका संकेतांक त्या यादीत आहे याची खात्री स्वतः करावी, कारण शिक्षणानंतरच्या कामाच्या परवान्याची २४ महिन्यांची मुदतवाढ त्यावर अवलंबून असते. तिसरी, पुढे पी.ई. परवाना घ्यायचा विचार असेल तर त्या राज्याचे नियम आधी वाचा. टेक्नॉलॉजीच्या पदवीधरांना काही राज्ये अधिक वर्षांचा अनुभव मागतात आणि काही राज्ये परीक्षेलाच बसू देत नाहीत.

आता मार्गदर्शकाबद्दल. ‘संशोधनाची आवड’ या शीर्षकाखाली लिहिलेल्या यादीवर मी फार विश्वास ठेवत नाही. ती यादी नोकरीला लागताना लिहिलेली असते आणि पुष्कळदा तशीच राहते. त्याऐवजी त्या प्राध्यापकाच्या हाताखाली अलीकडे पूर्ण झालेले प्रबंध विद्यापीठाच्या ग्रंथालयात शोधा. विषय कोणते, सामग्री कोणत्या कारखान्यातून आली, विद्यार्थ्याने स्वतः काय मोजले, हे पाहिले की चित्र स्पष्ट होते. प्रयोगशाळेत कोणती यंत्रे आहेत आणि ती पदव्युत्तर विद्यार्थ्याला स्वतः चालवू देतात की तंत्रज्ञामार्फतच वापरावी लागतात, हेही विचारा.

शिकवण्याचा भारही विचारात घ्या. या विभागांत सत्राला तीन-चार विषय शिकवणारे प्राध्यापक सर्रास असतात. ते मन लावून मार्गदर्शन करतील, परंतु त्यांच्याकडे आपल्याला देण्यासाठी संशोधन साहाय्यकाची जागा असेलच असे नाही. लघुउद्योगांसाठीच्या योजनांशी जोडलेले प्राध्यापक या बाबतीत बरे. अमेरिकेच्या ऊर्जा खात्याने १९७६ पासून विद्यापीठांत अशी केंद्रे चालवली, ज्यांतून प्राध्यापक आणि विद्यार्थी मिळून लहान-मध्यम कारखान्यांत जाऊन विजेचा, संपीडित हवेचा, बॉयलरचा हिशोब मांडून देत. कारखान्याला ते फुकट मिळे आणि विद्यार्थ्याला मानधन. आपल्या विद्यापीठात असे काही चालू आहे का, ते अवश्य पाहा.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितल्याप्रमाणे प्रबंध शोधले. मापनशास्त्र हा विषय लिहिलेल्या प्राध्यापकांकडे पीएच.डी. नाही, पण त्यांच्या हाताखालचे तीन प्रबंध सापडले आणि तिन्ही ओतीव भागांच्या मोजमापाचे आहेत. आमच्याकडे रोजच गेज आर अँड आर (मोजमापाच्या पद्धतीतच किती फरक पडतो याची चाचणी) करतो. त्यावर प्रबंध होण्याइतके काही उरले आहे का, एवढीच शंका आहे.

टूलरूम ते फळा

भरपूर उरले आहे. आपण करता ती नेहमीची पद्धत, म्हणजे दहा नग, तीन माणसे, प्रत्येकी तीन वाचने अशी नव्वद वाचने, ही मायक्रोमीटर किंवा बोअर गेजसाठी ठीक बसते. परंतु ओतीव भागाचा खडबडीत पृष्ठभाग जेव्हा लेझर स्कॅनरने मोजला जातो, तेव्हा माणसाचा वाटा कमी होतो आणि भाग टेबलावर कसा ठेवला, कोणत्या तीन बिंदूंवर डेटम (मोजमापाचा आधार) धरला, पृष्ठभागावर पावडर फवारली होती की नाही, यांचा वाटा वाढतो. तो वेगळा काढण्यासाठी प्रयोगाची मांडणीच बदलावी लागते. फाउंड्रीत काम केलेल्या माणसाला हा प्रश्न लगेच कळतो, कारण ओतीव भागात मशीनिंग होण्यापूर्वी पक्का डेटम नसतोच, तो लोकेटिंग पॅडवर (भाग टेकवण्यासाठी ठेवलेल्या उंचवट्यांवर) मानून घ्यावा लागतो.

त्या प्राध्यापकांना पत्र लिहिताना ‘मला मापनशास्त्रात रस आहे’ असे लिहू नका. आपल्या शॉपमधील एखाद्या भागाचा, ग्राहकाचे नाव काढून टाकलेला, आर अँड आरचा तक्ता जोडा आणि कोठे आकडे पटत नाहीत ते दोन ओळींत विचारा. कंपनीची परवानगी मात्र आधी घ्या.

निवृत्त विभागप्रमुख

आणि तो तक्ता मामांनाही दाखवा. त्यांचा मुख्य आक्षेप पैशांचा असेल, तर शिकवणी शुल्कात सवलत किंवा साहाय्यकाची जागा याबद्दल विभागाचे लेखी उत्तर येईपर्यंत प्रवेशाची रक्कम भरू नये, या मुद्द्यावर मी त्यांच्या बाजूने आहे.