सोव्हिएत रेडिओ-टीव्हीला सरसकट भंगार म्हणणाऱ्यांसाठी

निळकंठ_पुणे: काल कुणीतरी लिहिलं, "सोव्हिएत इलेक्ट्रॉनिक्स म्हणजे निव्वळ भंगार." वाचून डोकंच फिरलं. १९८२ ते ८७ मी मॉस्कोत शिकत होतो. खोलीत लाटव्हियातल्या रिगाच्या वेफ कारखान्याचा जुना 'स्पीडोला' रेडिओ होता. रेडिओसोबत सर्किटचा अख्खा नकाशा यायचा. बिघडला की सोल्डरिंग आयर्न घेऊन घरीच दुरुस्त. आज असा एक मोबाइल दाखवा.

खटपट्या: नकाशा द्यायचे कारण बिघडणारच हे ठाऊक होतं! तिथली माणसं टीव्ही घेताना त्याच्या पासपोर्टवरची, म्हणजे सोबतच्या माहितीपत्रावरची, उत्पादनाची तारीख बघायची. महिनाअखेरचा नग नको. सरकारी योजनेत ठरलेला उत्पादनाचा आकडा गाठायला शेवटच्या दहा दिवसांत कसंही जोडून बाहेर काढायचे. हिशेब नगांचा, चालतो की नाही ते गिऱ्हाइकाने बघावं.

वसुधा_नाशिक: माझे काका लेनिनग्राडला होते. रात्री रंगीत टीव्ही पेटला, खिडकीचा पडदा जळला. काकू पुढे कित्येक वर्षं झोपण्याआधी प्लग काढायची.

निळकंठ_पुणे: रंगीत टीव्ही पेटायचे, मान्य. मी रेडिओचं बोलतोय.

लघुलहरी: मग रेडिओचंच बोला. देशात विकायच्या सेटवर शॉर्टवेव्हचे २५ मीटरच्या खालचे बँडच, म्हणजे लहरींचे पट्टेच, नसायचे. १३, १६, १९ मीटर फक्त निर्यातीच्या सेटवर. लोकांनी परदेशातून रशियनमध्ये बोलणारी केंद्रं ऐकू नयेत म्हणून. मुद्दाम बहिरा केलेला रेडिओ तो!

निळकंठ_पुणे: 'स्पीडोला'त फिरता ड्रम असायचा, दर बँडच्या कॉइलची पट्टी वेगळी. वसतिगृहातल्या एका पोराने एक पट्टी उपसली, वेढे मोजून तार नव्याने गुंडाळली. दुपारी १९ मीटरवर बीबीसीची रशियन सेवा खणखणीत. आम्ही सगळे दार लावून ऐकत होतो.

लघुलहरी: दार लावून! तुम्हीच लिहिलंत. कौतुक त्या पोराच्या हातांचं करा, कारखान्याचं कशाला?

निळकंठ_पुणे: पट्टी सुटी निघाली ती कारखान्याने तशी बनवली म्हणूनच ना?

खटपट्या: आणि 'एलेक्त्रोनिका व्हीएम-१२'? १२०० रूबलचा व्हीसीआर, म्हणजे पाच-सहा महिन्यांचा पगार. त्यावर चकार शब्द नाही.

निळकंठ_पुणे: महाग होता. घ्या, तेही दिलं. पण 'स्पीडोला'ला भंगार म्हणू देणार नाही.

लघुलहरी: बरं, रेडिओ चांगला होता. कापलेल्या बँडचं मी सोडणार नाही. पण ती गुंडाळलेली पट्टी कुणाकडे असेल तर फोटो टाका. मला वेढे मोजायचेत.